मानसिक आजारामुळे सेवामुक्त झालेल्या सैनिकांचे हक्क : दाखला, निवृत्तिवेतन आणि दाद मागण्याचा मार्ग

फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी फरीदाबाद येथे औद्योगिक वसाहत उभारण्यात आली. आज हे शहर राजधानी क्षेत्रातील एक मोठे उद्योगकेंद्र आहे. हरियाणाच्या इतर भागांप्रमाणेच या जिल्ह्याच्या ग्रामीण भागातूनही अनेक तरुण सैन्यात भरती होतात. सेवा संपवून परतलेल्या सैनिकांपैकी अनेक जण शहरातील कारखान्यांमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी शोधतात. नोकरी देताना पहिली मागणी होते ती सेवामुक्तीच्या दाखल्याची. या दाखल्यावर सेवा कोणत्या कारणाने संपली हे नमूद केलेले असते. त्या एका ओळीवर नोकरीच नव्हे, तर निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि ‘माजी सैनिक’ ही ओळखही अवलंबून असते.

शरीरावर जखम घेऊन परतलेल्या सैनिकाकडे समाज आदराने पाहतो. मनाला झालेली जखम मात्र दिसत नाही. ती दिसत नसल्यामुळे अनेकदा कागदावरही येत नाही आणि आली तरी ‘सेवेशी संबंध नाही’ अशा शेऱ्यासह येते. अशा सैनिकास कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, चुकीचा शेरा बदलून घेण्याची पद्धत कोणती आणि त्यात अडचणी कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. फरीदाबाद जिल्ह्यातील एका गावचा तरुण २०१० साली एकोणिसाव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झाला. भरतीच्या वेळी तो पूर्णपणे निरोगी ठरला होता. प्रशिक्षणानंतर त्याने दोन वर्षे अतिउंचावरील चौकीवर आणि पुढे दहशतवादविरोधी मोहिमेत काढली. सातव्या वर्षी त्याची झोप उडाली, तो एकटाच बोलू लागला, सहकाऱ्यांवर संशय घेऊ लागला. लष्करी रुग्णालयात छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, निदान झाले. २०१८ साली वैद्यकीय मंडळाने त्यास सेवेसाठी अपात्र ठरविले. विकलांगता ४० टक्के धरली, परंतु आजार ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही’ असे मत दिले. आठ वर्षांची सेवा, हाती काही उपदानाची रक्कम आणि गावी परतल्यावर वृद्ध वडिलांच्या खांद्यावर आयुष्यभराच्या औषधांचा भार, अशी त्याची स्थिती झाली.

या मुलाचे नाव घेण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेली अनेक प्रकरणे थोड्याफार फरकाने अशीच आहेत.

सेवामुक्तीचे प्रकार

सैनिकाची सेवा समाप्त करण्याचे अधिकार लष्कर अधिनियम, १९५० आणि लष्कर नियम, १९५४ यांत दिलेले आहेत. अधिनियमाच्या कलम २३ नुसार सेवा संपलेल्या प्रत्येक जवानास त्याच्या मातृभाषेत व इंग्रजीत दाखला द्यावा लागतो. सेवा समाप्त करणारा अधिकारी, समाप्तीचे कारण आणि सेवेचा एकूण काळ या तीन बाबी त्यात असाव्या लागतात.

नियम १३ मध्ये सेवामुक्तीची कारणे व त्यासाठी सक्षम अधिकारी यांचा तक्ता आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन प्रकार महत्त्वाचे ठरतात. पहिला प्रकार वैद्यकीय अपात्रतेचा. यात अपात्रता वैद्यकीय मंडळाची शिफारस असल्याशिवाय सेवामुक्ती करता येत नाही. दुसरा प्रकार प्रशासकीय सेवामुक्तीचा. वारंवार शिक्षा झालेल्या जवानास ‘सेवेची आवश्यकता नाही’ या कारणाने घरी पाठविले जाते. सैनिकी भाषेत अशा शिक्षांच्या नोंदींना ‘लाल शाईच्या नोंदी’ म्हणतात.

मानसिक आजार या दोन्ही वाटांनी सैनिकास बाहेर आणू शकतो. आजार ओळखला गेला तर पहिल्या वाटेने. ओळखला गेला नाही आणि तो रजेवरून उशिरा परतणे, मद्यपान, वरिष्ठांशी उद्धटपणा या रूपाने प्रकट झाला, तर दुसऱ्या वाटेने. पहिल्या वाटेवर निदान प्रश्न विचारायला एक वैद्यकीय अहवाल तरी असतो. दुसऱ्या वाटेवर उरतो तो केवळ शिस्तभंगाचा इतिहास.

अमेरिकेतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्या देशापुरता नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांमध्ये दिसलेल्या थरथर, मूकपणा, स्मृतिभ्रंश या लक्षणांसाठी ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी वापरली. आघातोत्तर तणाव विकृतीला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले ते मात्र १९८० साली. मधल्या काळात, विशेषतः व्हिएतनाम युद्धानंतर, अनेक सैनिक ‘सन्मानपूर्वक नव्हे’ अशा शेऱ्याने घरी गेले आणि माजी सैनिकांच्या सवलतींना मुकले.

अमेरिकेत सेवामुक्तीचा दर्जा ‘सन्मानपूर्वक’ ते ‘कलंकित’ अशा पायऱ्यांचा असतो. तो बदलून घेण्यासाठी १९४४ च्या कायद्याने पुनर्विलोकन मंडळे निर्माण झाली. साधारणपणे पंधरा वर्षांच्या आत त्यांच्याकडे अर्ज करता येतो. त्यानंतर अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. २०१४ साली तेथील संरक्षणमंत्र्यांनी आणि २०१७ साली संरक्षण विभागाने अशा अर्जांचा ‘उदार दृष्टीने’ विचार करावा असे निर्देश दिले. गैरवर्तनाच्या मुळाशी मानसिक आजार होता काय, असल्यास त्या गैरवर्तनाची तीव्रता कमी मानता येईल काय, हे प्रश्न मंडळाने स्वतःहून विचारावयाचे आहेत.

आपल्याकडे दर्जा बदलून देणारे असे स्वतंत्र मंडळ नाही. आपल्या पद्धतीत मुख्य प्रश्न ‘सन्मान’ या शब्दाचा नसून ‘सेवेशी संबंध’ या शब्दांचा आहे. परंतु त्यामागील तळमळ एकच आहे. आजार हा दोष ठरू नये, एवढेच मागणे आहे.

एका शेऱ्यावर काय अवलंबून असते?

विकलांगता निवृत्तिवेतनाची मूळ अट १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन विनियमांच्या विनियम १७३ मध्ये सांगितली आहे. सैनिक ज्या विकलांगतेमुळे सेवेतून बाहेर पडला ती सेवेमुळे उद्भवलेली किंवा सेवेमुळे बळावलेली असावी आणि तिचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असावे. या निवृत्तिवेतनाचे सेवाघटक व विकलांगता घटक असे दोन भाग असतात. १०० टक्के विकलांगतेसाठी विकलांगता घटक शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो व त्याखाली प्रमाणानुसार कमी होतो.

येथे एक तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ जानेवारी १९९६ पासून अपात्र ठरलेल्यांच्या बाबतीत ५० टक्क्यांपेक्षा कमी विकलांगता ५० टक्के, ५० ते ७५ टक्के विकलांगता ७५ टक्के आणि ७६ ते १०० टक्के विकलांगता १०० टक्के धरली जाते. म्हणजे आपल्या उदाहरणातील ४० टक्के विकलांगता, शेरा अनुकूल असता तर, ५० टक्के धरली गेली असती. डिसेंबर २०१४ मध्ये रामअवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा लाभ सेवाकाल पूर्ण करून निवृत्त झालेल्या विकलांग सैनिकांनाही दिला.

शेरा प्रतिकूल असेल तर दहा वर्षांची सेवा झालेल्यास अपात्रता निवृत्तिवेतन मिळते. त्याहून कमी सेवा असलेल्यास पूर्वी केवळ उपदान मिळत असे. जुलै २०२० मध्ये सरकारने दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्यांनाही हे निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय घेतला. मात्र ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरताच तो मर्यादित ठेवला. आपला तरुण २०१८ मध्येच बाहेर पडला. काही महिन्यांच्या अंतराने तो या लाभाच्या बाहेर राहिला.

निवृत्तिवेतन नाही म्हणून माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेचे सदस्यत्व नाही. १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या या योजनेचा लाभ निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकास मिळतो. ज्याला आयुष्यभर औषधांची गरज आहे त्यालाच औषधे मिळत नाहीत, अशी ही विसंगती आहे. नागरी सेवेतील कर्मचाऱ्यास सेवेत असताना विकलांगता आली तर त्यास काढून टाकता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० ने तसे संरक्षण दिले आहे. सशस्त्र दलांतील लढाऊ कर्मचाऱ्यांना मात्र १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने त्यातून वगळले आहे. त्यामुळे सैनिकाचा सर्व आधार निवृत्तिवेतनाच्या नियमांवरच येतो.

न्यायालयांचा दृष्टिकोन

१९८२ च्या पात्रता नियमांचा आशय सैनिकाच्या बाजूचा होता. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक शरीराने व मनाने निरोगी होता असे गृहीत धरावे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये आणि वाजवी शंकेचा फायदा त्यास द्यावा, असे ते नियम सांगत. जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांचा सविस्तर अर्थ लावला. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता असे मंडळास म्हणावयाचे असेल, तर त्याची कारणे लेखी दिली पाहिजेत, हा त्या निकालाचा गाभा आहे.

त्याच वर्षी वीरपाल सिंग प्रकरणात न्यायालयासमोर थेट मानसिक आजाराचा प्रश्न आला. १९७२ साली भरती होऊन १९७७ साली मानसिक आजाराच्या निदानामुळे सेवेबाहेर पडलेल्या सैनिकाचे ते प्रकरण होते. वैद्यकीय मंडळाचे मत आदरास पात्र असले तरी ते न्यायालयीन तपासणीच्या पलीकडे नाही, असे सांगून न्यायालयाने पुनर्विलोकन वैद्यकीय मंडळ नेमण्याचा आदेश दिला. सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ साली सेवेतून अपात्र ठरवून काढलेल्या सैनिकाची विकलांगता २० टक्क्यांहून अधिक मानली पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. २०१५ च्या राजबीर सिंग निकालाने धरमवीर सिंग प्रकरणातील तत्त्वांना पुन्हा दुजोरा दिला.

तथापि प्रत्येक निकाल सैनिकाच्या बाजूने लागला असे समजणे चूक होईल. केशर सिंग (२००७) व नरसिंग यादव (२०१९) या प्रकरणांत स्किझोफ्रेनिया झालेल्या सैनिकांना निवृत्तिवेतन नाकारले गेले. काही मानसिक आजार भरतीच्या वेळच्या तपासणीत सहसा लक्षात येत नाहीत आणि मंडळाचे तज्ज्ञ मत सहजासहजी बाजूला सारता येत नाही, अशी भूमिका २०१९ च्या निकालात घेतली गेली. मे २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात न्यायालय पुन्हा कारणांच्या मुद्द्यावर आले. कारणे न देता नोंदविलेल्या मताच्या आधारे सैनिकास निवृत्तिवेतनापासून वंचित ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

हे निकाल एकत्र वाचले असता एक सूत्र हाती लागते. केवळ ‘मी निरोगी भरती झालो’ एवढे सांगून भागत नाही. मंडळाने कारणे दिली नाहीत किंवा दिलेली कारणे सेवेच्या वस्तुस्थितीशी जुळत नाहीत, हे दाखवावे लागते. २००८ पासून लागू झालेल्या पात्रता नियमांमुळे ही गरज अधिक वाढली आहे. सेवेत असताना आजार प्रकट झाला एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असे ठरत नाही, असे ते नियम म्हणतात. सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केल्यास पुराव्याचा भारही दावेदारावरच येतो. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. म्हणून सेवा कोणत्या तारखेस संपली आणि त्या दिवशी कोणते नियम लागू होते, हे प्रथम पाहावे.

वैद्यकीय मार्गदर्शिका काय सांगते?

सैन्यात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी पाच अंगांनी ठरते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी ही ती पाच अंगे होत. यांत मानसिक स्थितीचे स्थान पहिले आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या निवृत्तिवेतनविषयक मार्गदर्शिकेत मानसिक आजारांवर स्वतंत्र परिच्छेद आहे. युद्धक्षेत्र, दहशतवादविरोधी मोहिमा, अतिउंचावरील प्रदेश, अत्यंत एकाकी चौक्या, तसेच भूकंप, चक्रीवादळ, त्सुनामी अशा आपत्तींत मृतदेह हाताळावे लागणे, या परिस्थितीत उद्भवलेल्या आजाराचा सेवेशी संबंध मान्य करता येतो, असे त्यात म्हटले आहे.

आपल्या उदाहरणाकडे वळल्यास, त्या तरुणाची दोन वर्षे अतिउंचावर आणि पुढील काळ दहशतवादविरोधी मोहिमेत गेला. त्याच्या अपिलाचा कणा हाच असावयास हवा. मंडळाच्या अहवालात या नेमणुकांचा उल्लेख आहे काय? असल्यास त्यांचा विचार करूनही संबंध का नाकारला? या दोन प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतील तर अपिलास बळकट आधार मिळतो.

दाद मागण्याच्या पायऱ्या

१. कागदपत्रे मिळविणे. सेवामुक्तीचा दाखला, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, अपात्रता मंडळाचे कामकाज (नमुना १६), मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविताना कमांडिंग ऑफिसरने दिलेला अहवाल (नमुना १०), रुग्णालयातील नोंदी आणि नेमणुकांचा तपशील ही मूलभूत कागदपत्रे होत. ती संबंधित अभिलेख कार्यालयाकडून, आवश्यक तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली, मागता येतात. निवृत्तिवेतन नसलेल्यांची सेवापत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. म्हणून विलंब हा या कामातील सर्वांत मोठा शत्रू आहे.

२. पहिले अपील. दावा नाकारल्याचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अभिलेख कार्यालयामार्फत प्रथम अपील समितीकडे अपील करावे. त्यात सहानुभूतीच्या विनंतीपेक्षा नेमणुका, तारखा आणि मंडळाच्या अहवालातील त्रुटी यांवर भर असावा.

३. दुसरे अपील. पहिले अपील फेटाळल्यास निवृत्तिवेतनविषयक द्वितीय अपील समितीकडे जाता येते. पुनर्विलोकन वैद्यकीय मंडळाची मागणीही याच टप्प्यांवर करावी.

४. सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ८ ऑगस्ट २००९ रोजी झाले. त्याचे प्रधान खंडपीठ दिल्लीत आहे. सेवामुक्त सैनिकास आपल्या राहत्या ठिकाणाच्या अधिकारक्षेत्रातील खंडपीठाकडे अर्ज करता येतो. सातारा, कोल्हापूर किंवा गोव्यातील सैनिकासाठी ते मुंबईस आहे. कलम १४ खाली अर्ज करण्यापूर्वी उपलब्ध अपिले केलेली असावीत आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज व्हावा, अशी अपेक्षा आहे. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. निवृत्तिवेतन न मिळणे ही सतत चालू राहणारी हानी मानली जात असल्याने उशिरा आलेला दावाही विचारात घेतला जातो. परंतु तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

५. उच्च न्यायालय. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये परषोत्तम दास प्रकरणात स्पष्ट केले.

शिस्तभंगाच्या कारणाने गेलेले सैनिक

‘लाल शाईच्या’ नोंदींमुळे घरी गेलेल्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे. अशा नोंदी चार झाल्या की जवानास काढून टाकावे, असा समज रूढ होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. चार नोंदी म्हणजे आपोआप सेवामुक्ती नव्हे. कारणे दाखवा नोटीस, निःपक्षपाती प्राथमिक चौकशी आणि सेवेचा काळ, कठीण ठिकाणच्या नेमणुका, गुन्ह्यांचे स्वरूप यांचा विचार झाला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

या निकालात मानसिक आजाराचा स्वतंत्र निकष नाही. तरीही अर्जदारास तेथेच जागा मिळते. पहिल्या सात-आठ वर्षांत एकही शिक्षा नाही आणि एखाद्या मोहिमेनंतरच्या दोन वर्षांत चार शिक्षा, असा आलेख असेल तर तो आलेखच बोलका पुरावा होय. त्या काळात सैनिकास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले होते काय, हा प्रश्न अर्जात स्पष्टपणे मांडावा. सेवामुक्तीनंतर लगेच नागरी रुग्णालयात झालेल्या निदानाची कागदपत्रेही जोडावीत.

मदत कोठे मिळते?

मानसिक आजार असलेल्या माणसाने स्वतः अभिलेख कार्यालये व न्यायाधिकरण यांच्याशी झगडावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. हे काम घरच्यांना करावे लागते आणि त्यांना वाट दाखविणारे कोणी हवे असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे त्यांचे पहिले ठिकाण होय. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार विकलांग व्यक्तीस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. राज्य व जिल्हा सैनिक मंडळांमध्ये विधी साहाय्य केंद्रे उघडणे हे तिचे उद्दिष्ट आहे.

उपचाराच्या बाजूनेही काही पावले पडली आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले. ‘टेलि-मानस’ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष प्रायोगिक स्वरूपात सुरू करण्यात आला.

पुढील दिशा

२०१५ साली तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या काळात सेवा व निवृत्तिवेतनविषयक खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिने त्याच वर्षी अहवाल दिला. खटले कमी करण्याचा खरा उपाय मात्र पहिल्या कागदावरच आहे. वैद्यकीय मंडळाने प्रत्येक मानसिक आजाराच्या प्रकरणात सैनिकाच्या नेमणुकांचा आढावा घेऊन कारणासहित मत लिहिले, तर निम्मा वाद तेथेच मिटेल. दुसरे, शिस्तभंगाच्या कारणाने सेवामुक्ती करण्यापूर्वी मानसिक तपासणी अनिवार्य करावी. तिसरे, निवृत्तिवेतन मिळो वा न मिळो, सेवेत असताना मानसिक आजार झालेल्या प्रत्येक सैनिकास त्या आजारापुरते तरी उपचार सैनिकी आरोग्य व्यवस्थेतून मिळावेत. चौथे, दावा नाकारणाऱ्या पत्रासोबतच मंडळाच्या कामकाजाची प्रत आणि अपिलाची माहिती सैनिकाच्या मातृभाषेत द्यावी. दाखला मातृभाषेत देण्याचे बंधन कायद्याने घातलेच आहे. त्याच न्यायाने नकाराची कारणेही समजतील अशा भाषेत मिळावयास हवीत.

सैन्याची शिस्त सैल व्हावी किंवा प्रत्येक दावा मान्य व्हावा, असा याचा अर्थ नव्हे. सरकारी पैशाचा विनियोग नियमानेच झाला पाहिजे. परंतु भरतीच्या दिवशी ज्याला राष्ट्राने तपासून, पारखून घेतले, त्यास परत पाठविताना तितक्याच काळजीने तपासले जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. फरीदाबादच्या कारखान्याच्या फाटकावर दाखला हातात घेऊन उभा असलेला तरुण त्या दाखल्यावरील एका ओळीचे कारण विचारतो. त्याला ते कारण लेखी आणि वेळेवर मिळाले पाहिजे.